दियामांदो बाईंचं इंग्रजी

मी अकरा वर्षांची असताना आईनं मला दियामांदो बाईंच्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. आमच्या पोतामोस गावाच्या चौकामागे, बेकरीच्या डोक्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून पावाचा वास यायचा आणि वर आम्ही नऊ पोरं भुकेल्या पोटी क्रियापदं घोकायचो.

पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर 'गेट' हे एवढंसं क्रियापद लिहिलं आणि त्याला एकेक शेपूट जोडत गेल्या. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अवे. म्हणाल्या, "माझ्या बाबांचं टपालाचं गाढव आठवतंय का कुणाला? नसेल. तोंडावरून फार गरीब वाटायचं. पण शेपूट कुठे वळतंय ते बघितलं नाही, तर लाथ बसलीच म्हणून समजा. इंग्रजी क्रियापदाचं तसंच आहे. शेपटाकडे बघा."

आम्ही खो खो हसलो. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आई हसली नाही. कांदा चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "हे कुठे शिकलात, असं बाईंना कधी विचारू नकोस हं."

मग अर्थातच मी आईलाच विचारलं.

बाईंचे वडील मिनास पोतामोसचे पोस्टमन. आमच्या कीथिरा या ग्रीक बेटावर पोस्टमन म्हणजे घरचाच माणूस, कारण निम्मं बेट ऑस्ट्रेलियात. कुणाचा मुलगा सिडनीच्या हॉटेलात बशा विसळतोय, कुणाची बहीण ब्रिस्बेनला फळांचं दुकान चालवतेय. आधी पत्रं आपल्या भाषेत यायची. मग तिकडे जन्मलेली पोरं लिहिती झाली आणि पत्रं इंग्रजीत येऊ लागली. बायका ती हातात घेऊन उलटीसुलटी करायच्या, वास घ्यायच्या आणि शेवटी मिनासच्या दारात यायच्या. कारण मिनासची दियामांदो इंग्रजी शिकत होती.

ती शिकत होती ती कोस्मासपायी. कोस्मासशी तिचं लग्न ठरलं होतं आणि कोस्मास मामाच्या कॅफेत काम करायला सिडनीला गेला होता. कागदपत्रं झाली की तिला बोलावून घेणार होता. तिकडून परत आलेल्या एका म्हातारीकडे ती तीन महिने शिकली. म्हातारी वारल्यावर उरला एक जाडजूड शब्दकोश. त्यात एकेका शब्दाचा अर्थ दिलेला. दोन शब्द शेजारी आले की काय होतं, ते त्यात नव्हतं. तरी ती चोवीस वर्षांची मुलगी बिनधास्त पत्रं वाचून दाखवायची. बदल्यात अंडी मिळायची, मधाची बरणी मिळायची, कधी नुसता आशीर्वाद.

अडुसष्ट सालच्या जुलैमध्ये ब्रिस्बेनहून तार आली. ग्रिगोरिया मावशीच्या नावानं. ही गावाच्या टोकाला एकटीच राहणारी विधवा, साठीला टेकलेली. तिची थोरली बहीण कालोमिरा एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली ती पुन्हा आली नव्हती. पण त्या ईस्टरला तिचं पत्र आलं होतं: ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणाला येते, जावई बोटीत बसवून देणार आहे.

तार चार शब्दांची. मम पास्ड अवे संडे. खाली, पत्र पाठोपाठ येतंय, आणि कालोमिराच्या मुलीचं नाव, जोन.

ग्रिगोरिया मावशी पिठाच्या हातांनी धावत आली होती. दियामांदोनं शब्दकोश उघडला. पास म्हणजे जाणे, ओलांडणे. अवे म्हणजे दूर, लांब. बाकीचे दोन शब्द येत होते.

"मावशी, निघाली!"

"कोण निघाली?"

"कालोमिरा मावशी! रविवारी निघून गेली तिथून. पाठोपाठ पत्र येतंय."

ग्रिगोरिया मावशीनं छातीवर तीनदा क्रूसाची खूण केली आणि मटकन खुर्चीत बसली. मग एकदम तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, आणि मला पुढचे दात नाहीत! ओळखेल का गं ती मला?"

आमच्या भाषेत माणूस वारलं तरी निघून गेलं असंच म्हणतात. म्हणजे दियामांदोच्या तोंडून नेमका खरा शब्द बाहेर पडला होता. पण तो कुठल्या अर्थानं खरा आहे, हे ना सांगणारीला कळलं, ना ऐकणारीला.

त्यानंतर ग्रिगोरिया मावशीच्या अंगात वारं भरलं. घराला आतून बाहेरून चुना दिला. गादीतली लोकर काढून धुतली, वाळवली, पिंजून परत भरली. अंजिरं पत्र्यावर वाळत घातली. बदाम कुटून रोझेदेस ही सणाची मिठाई केली आणि मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला. गावात जो भेटेल त्याला सांगायची, "माझी बहीण समुद्रात आहे."

तीन आठवडे झाले तशी ती बोटीच्या दिवशी खाली आया पेलागियाच्या किनाऱ्यावर उतरायला लागली. तेव्हा धक्का नव्हता. पिरेअसहून येणारी बोट बाहेरच उभी राहायची आणि माणसं होड्यांतून काठावर यायची. ग्रिगोरिया मावशी एका पालथ्या होडीवर बसून एकेक चेहरा न्याहाळायची.

"काय मावशी, आजही नाही?" होडीवाले चेष्टा करायचे. "सुवेझ बंद आहे म्हटलं. आफ्रिकेला वळसा घालून यायचंय. वाटेत एखादा कप्तान गाठला असेल तिनं!"

"गाठला तर गाठला. त्यालाही जेवायला घालीन. तू तुझी होडी नीट बांध आधी."

मेरीमातेचा सण आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तिनं समुद्राकडच्या खिडकीला निळा रंग दिला. अजून उशीर होतोय, तर तेवढं तरी उरकून घेऊ, असा हिशेब.

त्यानंतर चार दिवसांनी जोनचं पत्र आलं. दुःखानं लिहायला उशीर झाला, माफ करा, असं त्यात होतं. पण दियामांदोला पत्र वाचावंच लागलं नाही. पाकिटातून आधी एक कार्ड पडलं. काळी चौकट, कालोमिराचा फोटो, फोटोखाली दोन तारखा. तारखांना शब्दकोश लागत नाही.

मिनास म्हणाला, "दे इकडे. मी जाऊन सांगतो. माझं कामच आहे ते."

"मी वाचलं होतं, बाबा. मीच सांगणार."

बोटीचा दिवस होता. ती भर उन्हात तासभर चालत खाली उतरली. ग्रिगोरिया मावशी आपल्या होडीवर बसलेली. नेहमीचा काळा रुमाल सोडून तिनं डोक्याला राखाडी रंगाचा बांधला होता, बहिणीनं पहिल्याच भेटीत काळं बघू नये म्हणून.

"मावशी, माझं चुकलं."

"काय चुकलं? आज बोट येणार नाही का?"

"बोट येईल. कालोमिरा मावशी नाही येणार. ती निघाली नव्हती. निघून गेली म्हणजे... गेली. त्याच रविवारी."

ग्रिगोरिया मावशीनं कार्ड घेतलं. बराच वेळ अंगठ्यानं फोटोवरची धूळ पुसत राहिली. फोटोवर धूळ नव्हती. मग बोटांवर मोजायला लागली.

"म्हणजे तिसरा गेला. नववा गेला. चाळिसावा..." ती थांबली. "चाळिसाव्या दिवशी मी काय करत होते सांगू? खिडकी रंगवत होते. अख्ख्या गावात तिच्या नावची एक मेणबत्ती नाही, आणि मी खिडकी रंगवतेय."

दियामांदोनं तिला उठवायला हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. चढ एकटीनं चढून गेली.

शनिवारी दियामांदो मृतांच्या प्रार्थनेच्या प्रसादाला लागणारा गहू, बेदाणे आणि बदाम घेऊन तिच्या दारात उभी राहिली. ग्रिगोरिया मावशीनं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आत गेली आणि खलबत्ता आणून तिच्या पुढ्यात आदळला. "कुट." तेवढाच शब्द. दिवसभर दोघींनी मिळून गहू उकडले, निथळले, साखर थापून वर बदामांचा क्रूस मांडला. रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. उशीर झाल्याचं कुणी काढलं नाही.

पुढे वर्षभर ग्रिगोरिया मावशीचं एकही पत्र मिनासच्या घरी वाचायला आलं नाही. आलेली पत्रं ती उशाखाली ठेवायची, न वाचता. मग एक दिवस स्वतःच येऊन बसली, तीन पत्रं टेबलावर ठेवली.

"वाच. पण या खेपेला आधी मनात दोनदा वाच."

बाईंनी ही सवय जन्मभर सोडली नाही. आम्हालाही तेच. कुणी धाडकन भाषांतर करायला गेला की पट्टी टेबलावर वाजायची, "मनात! दोनदा!"

अडुसष्टच्याच ऑक्टोबरात दियामांदोला सिडनीला जायचं होतं. कोस्मासनं कागद पाठवले होते, तिकीट ठरलं होतं. तिनं त्याला लिहिलं, एक वर्ष थांब. मला वाटलं होतं मला इंग्रजी येतं, ते येत नाही. अशी तिथे येऊन मी कुणाचं काय करून ठेवीन, कोण जाणे. नीट शिकते आणि येते. कोस्मासनं उत्तर पाठवलं, इथे कुणाला नीट येतंय? मला तरी कुठे येतं? तू ये. तिनं पुन्हा लिहिलं, एक वर्ष. वर्षाची दोन झाली. मिनासचा गुडघा गेला, घर तिच्यावर आलं. कोस्मासची पत्रं आधी पातळ झाली, मग अंतरानं यायला लागली.

एक्काहत्तर सालच्या हिवाळ्यात शेजारच्या स्तामातूलाबाई मुलाचं पत्र घेऊन आल्या. सून इंग्रजीत लिहायची. दियामांदोनं मनात दोनदा वाचलं. आणि मग, माझी आई तिथेच लोकर गुंडाळत बसली होती, तिचं म्हणणं, तिनं तिसऱ्यांदाही वाचलं.

"काय गं, वाईट आहे का काही?" स्तामातूलाबाई घाबरल्या.

"छे. तुमच्या नातवाला दात आले. पाऊस फार आहे. आणि..." बोट ओळीवर ठेवून ती म्हणाली, "इथे लिहिलंय, कोस्मास सेटल्ड डाउन. न्यूकॅसलच्या एका मुलीबरोबर. शब्दाला शब्द लावला तर, खाली बसला. पण तसा नाही त्याचा अर्थ. संसाराला लागला."

स्तामातूलाबाईंनी जीभ चावली. दियामांदोनं उरलेलं पत्र शेवटच्या सहीपर्यंत वाचून दाखवलं, घडी घालून पाकिटात ठेवलं, आणि आईला म्हणाली, "लोकर सैल गुंडाळतेस तू. दे इकडे."

त्या वर्षी तिनं पहिली वही केली. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर आपलं. उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातली माणसं गावी येत, चौकातल्या मोठ्या झाडाखाली कॉफी पीत. बाई त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायच्या. कुणी काही बोललं की पेन्सिल वर. "थांबा. हे कधी म्हणता? रागात की थट्टेत? आईसमोर म्हणाल का? मेलेल्या माणसाबद्दल म्हणाल का?" हा शेवटचा प्रश्न प्रत्येक शब्दाला असायचा. पाहुणे हसायचे. गावातलं कुणी हसायचं नाही.

आमच्यासाठी त्या वह्या म्हणजे जादूची पेटी होती. इंग्रजांकडे मुसळधार पावसात कुत्री-मांजरं पडतात, आपल्याकडे खुर्च्यांचे पाय. त्यांच्याकडे कधीच न होणारी गोष्ट डुकरं उडतील तेव्हा होते, आपल्याकडे संत-कधीच-नाहीच्या सणाला. आणि काही कळलं नाही की इंग्रज म्हणतो, हे तर मला ग्रीक!

"आणि आपण म्हणतो, हे मला चिनी," बाई म्हणाल्या.

"मग चिनी माणूस काय म्हणत असेल, बाई?"

"तो बिचारा शब्दकोश उघडत असेल."

असं आम्हाला शिकवून शिकवून बाईंनी बेट रिकामं केलं. तेच त्यांचं दुखणं होतं. ज्याला इंग्रजी चांगलं आलं तो गेला. परीक्षेचा निकाल लागला की मिठाई वाटायची आणि सहा महिन्यांत त्याच पोराला आया पेलागियाला निरोप द्यायला जायचं. बाई प्रत्येकाला पोचवायला जायच्या. बोट टोकाला वळून दिसेनाशी झाली तरी उभ्या राहायच्या. एकदा मी म्हटलं, "चला ना बाई, गेली बोट." तर म्हणाल्या, "तू हो पुढे. मी जरा बघते." बघायला पाण्याशिवाय काही नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात कोस्मास आला. तेवीस वर्षांनी पहिल्यांदा. बरोबर बायको मॉरीन, गोरी, उन्हानं लाल झालेली, हसऱ्या तोंडाची. मी तेव्हा अथेन्सला कॉलेजात होते, सुट्टीत घरी आले होते. संध्याकाळी चौकात बाईंबरोबर बसले असताना ही दोघं समोरून आली. सगळा चौक एकदम कॉफीच्या कपात बघायला लागला.

कोस्मास टक्कल पडलेला, जाड. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "कशी आहेस, दियामांदो?"

"बरी आहे. बसा ना. उभे का?"

मॉरीनला कुणी काही सांगितलं नसावं. ती आनंदानं बसली आणि बाईंचं इंग्रजी ऐकून चकितच झाली. दोघींच्या गप्पा रंगल्या. हवा, मुलं, भाज्यांचे प्रकार. कोस्मास नुसते जपमाळेचे मणी सरकवत होता. शेवटी मॉरीन म्हणाली, "तुम्ही इतकं छान सांगता या गावाबद्दल. हा तर चकार शब्द काढत नाही. 'ही बॉटल्स इट अप.'"

बाईंची पेन्सिल सवयीनं वर गेली. "हे काय म्हणालात? बॉटल?"

"म्हणजे बाटलीत भरून बूच लावतो. मनातलं. तुमच्यात काय म्हणतात याला?" आणि ती नवऱ्याकडे वळली, "अरे, तू सांग ना त्यांना. तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

कोस्मास मणी सरकवायचा थांबला. "मला नाही सांगता येणार," तो आपल्या भाषेत म्हणाला, बाईंकडे न बघता. "मी विसरलो असेन."

"विसरला नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. मग मॉरीनकडे वळून इंग्रजीत, अगदी शिकवतानाच्या आवाजात, "आम्ही बाटली-बिटली म्हणत नाही. आम्ही नुसतं म्हणतो, आत ठेवून आहे."

त्यांनी ते वहीत लिहिलं. मॉरीननं तो शब्द आमच्या भाषेत म्हणायचा प्रयत्न केला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमला. बाईंनी तिला शाबासकी दिली. उठताना कोस्मास म्हणाला, "तुझं इंग्रजी आता माझ्यापेक्षा चांगलं आहे." त्यावर बाई म्हणाल्या, "हो. झालं खरं चांगलं." आणि कपातली गार झालेली कॉफी गाळासकट पिऊन टाकली.

जिन्यावर मी न राहवून विचारलं, "बाई, तेव्हा गेला का नाहीत?"

मला वाटलं रागावतील. त्या पायरीवर बसल्या. "सगळ्यांना वाटतं ग्रिगोरियाच्या त्या गोष्टीमुळे. मलाही तसंच वाटायचं. पण पोरी, मी घाबरले होते. ती गोष्ट घडली नसती तरी काहीतरी कारण काढलं असतं मी. आणि तरी एक दिवस असा गेला नाही, की मनातल्या मनात मी त्या कॅफेचं दार उघडलं नाही. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी इतक्या वेळा बदललंय." मग म्हणाल्या, "बरोबर वाक्य आता येतं मला. दार नाही."

कोस्मास पुन्हा आला नाही. नव्वदच्या दशकाअखेर तो गेल्याचं मॉरीनच्या पत्रातून कळलं. तिनं साध्या सरळ शब्दांत लिहिलं होतं, 'डाइड'. बाईंनी ते पत्र कुणाला दाखवलं नाही, मलाही पुष्कळ उशिरा.

मी शिकून परत आले आणि बाईंचा वर्ग चालवायला घेतला. वह्या अकरा झाल्या आहेत. पिरेअसचा एक प्रकाशक कधीतरी येऊन बघून गेला, म्हणाला, आता हे सगळं मोबाइलवर मिळतं. बाईंनी त्याला अंजीर खायला घातलं आणि पाठवून दिलं. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघे वडिलांवर गेलेत, जिना उतरत नाहीत. बेकरीवाला पाव टोपलीत घालतो, त्या दोरीनं वर ओढतात.

गेल्या वर्षापासून त्यांच्याकडे एक मुलगी शिकायला येते. टेस नाव, मेलबर्नची. इथे राहायलाच आलीये, कॉम्प्युटरवर काहीतरी काम करते. तिला आपली भाषा शिकायचीये. बाई वही उजव्या पानावरून डाव्या पानाकडे शिकवतात. इतक्या वर्षांत माझ्याखेरीज हे पहिल्यांदाच, की शिकलेलं माणूस इथे राहणार आहे. टेसला तिकडचा मित्र आहे, तो यायचा की नाही ते ठरलेलं नाही. परवा मी वर गेले तेव्हा ती विचारत होती, आय मिस यू कसं म्हणायचं.

"तुमच्यात ते काम तूच करतेस," बाई सांगत होत्या. "आय. मी. आमच्यात तो करतो. तो कमी पडतो. तू मला कमी पडतोस, असं म्हण."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"तू बसायचं. तो कमी पडत राहतो."

टेसनं मनात दोनदा म्हटलं, मग मोठ्यानं. एक अक्षर चुकलं. बाईंनी ते दुरुस्त केलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिल्या. खालून बेकरीवाल्यानं हाक मारली, टोपली सोडा. मी उठून दोरी सोडली.